ऑफिससाठी लॅपटॉप निवडताना: एकमत होत नसेल तर काय करायचं, पायरीपायरीने

नवीन लॅपटॉप घ्यायचे ठरले की यादी करायचं काम बहुतेक ऑफिसांत नुकत्याच रुजू झालेल्या माणसाकडे येतं. मग चारी बाजूंनी मतं यायला लागतात. डिझाइन करणाऱ्याला मॅक हवा असतो, अकाउंट्सला नंबरपॅड हवा असतो, आयटीवाल्यांना सगळीकडे एकच मॉडेल हवं असतं आणि मंजुरी देणाऱ्याला बिल कमी हवं असतं. यातलं कुणीच हट्टाने बोलत नसतं. प्रत्येकाला रोज एक खरी अडचण येत असते, फक्त ती मशीनच्या नावाआड झाकली जाते. तुमचं पहिलं काम ती अडचण बाहेर काढायची. एकदा ती कागदावर आली की बरेचसे वाद मोजून मिटवता येतात.

पुढच्या पायऱ्यांचा क्रम बदलू नका. कोटेशन आधी मागवून गरज मागाहून विचारली, तर प्रत्येक जण कोटेशनमधल्या आकड्यांवरच भांडतो.

पायरी १: तीन दिवस नुसतं मोजा

सध्याच्या मशीनवर काय चाललंय ते बघितल्याशिवाय एकाही मॉडेलचं पान उघडू नका. तीन कामाचे दिवस पुरतात, पण त्यातला एक सगळ्यात धावपळीचा असावा: महिनाअखेर, पगाराचा दिवस किंवा काम सोपवायच्या आदला दिवस.

विंडोजवर टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा. 'इन यूज' हा आकडा सगळेच बघतात, त्याच्याजवळचा 'कमिटेड' जास्त बोलका असतो. तो '१४/१८' असा दिसतो. पहिला आकडा म्हणजे चालू प्रोग्रॅम्सनी मागून ठेवलेली मेमरी. मशीनमध्ये रॅम (मशीनची कामाची मेमरी) ८ जीबी आणि कमिटेड १४ असेल, तर बराचसा भार एसएसडीवर (फाइल्स साठवणाऱ्या डिस्कवर) ढकलला जात असण्याची शक्यता मोठी. ब्राउझरमधून एक्सेलमध्ये जाताना दोन-तीन सेकंद सगळं थिजल्यासारखं होतं ते बहुधा यामुळेच. मॅकवर ॲक्टिव्हिटी मॉनिटरमधला मेमरी प्रेशरचा आलेख बघा. तो हिरवा असेल तर ठीक, कामाच्या वेळात सारखा पिवळा दिसत असेल तर रॅम अपुरी पडतेय.

तिथेच सीपीयू बघा. प्रोग्रॅम उघडताना दोन-चार सेकंद तो १००% वर गेला तर काळजी नको. मिनिटामागून मिनिटं तिथेच राहत असेल तरच प्रोसेसर बदलून फरक पडेल. डिस्क किती भरली आहे तेही लिहून ठेवा. एसएसडी ९० टक्क्यांच्या पुढे भरली की ती मंदावते. 'लॅपटॉप फार स्लो झालाय' या तक्रारीचं मूळ अनेकदा इथेच सापडतं. जागा मोकळी केली की तोच लॅपटॉप आणखी वर्षभर चालतो आणि यादीतलं एक मशीन कमी होतं.

शेवटी प्रत्येकाच्या टेबलावर जाऊन तीन गोष्टी लिहा: कुठकुठली सॉफ्टवेअर लागतात, कुठली उपकरणं जोडली जातात (प्रिंटर, स्कॅनर, डिजिटल सहीचं यूएसबी टोकन, ड्रॉइंग टॅब्लेट) आणि आठवड्यातून किती वेळा लॅपटॉप उचलून बाहेर न्यावा लागतो. उपकरणांची यादी कंटाळवाणी वाटते, पण नव्या मशीनचं घोडं अडतं ते हमखास याच ठिकाणी.

पायरी २: मागणी कामात उतरवा

हे बैठकीत विचारू नका. चारचौघांत माणूस आपल्या मताला चिकटून बसतो. त्याच्या जागेवर जा आणि म्हणा, "कुठे अडतं ते मला एकदा करून दाखवा." मग तिथेच कागदावर चार ओळी भरा. एक भरलेला कागद असा दिसतो:

मागणी: मोठ्या स्क्रीनचा १६ इंची लॅपटॉप.
काम: दोन शीट शेजारी ठेवून ताळमेळ.
पुरावा: दिवसात चार तास हेच काम, आत्ता खिडक्या वरखाली कराव्या लागतात. लॅपटॉप रोज घरी नेतात.
काय चालेल: टेबलावर २७ इंची मॉनिटर आणि नेण्यासाठी हलका १४ इंची लॅपटॉप.

मागितला होता मोठा लॅपटॉप, गरज होती मोठ्या स्क्रीनची. १६ इंची मशीनचं वजन साधारण १.८ ते २.२ किलो असतं, वर चार्जर. रोज पाठीवर ते ओझं नेणाऱ्याची मान आणि खांदे सहा महिन्यांत बोलायला लागतात.

'मॅकच हवा' या मागणीमागे बहुतेक वेळा तीनपैकी एक कारण असतं: स्क्रीनचे रंग, बॅटरी किंवा सवय. रंगांचं दुखणं असेल तर १०० टक्के एसआरजीबी (रंगांचा ठरलेला पट्टा) दाखवणारा पॅनल विंडोज लॅपटॉपमध्येही मिळतो. बॅटरीचं कारण असेल तर मुद्दा रास्त आहे, ॲपलच्या एम मालिकेच्या चिप खरोखर कमी वीज खातात. सवयीलाही कमी लेखू नका. दहा वर्षं एका कीबोर्डवर बसलेले हात बदलायला काही आठवडे जातात आणि त्या काळात काम मंदावतं. पण मॅकवर न चालणारं एक जरी सॉफ्टवेअर त्या माणसाच्या यादीत असेल, तर ते आत्ताच त्याला दाखवा. मशीन आल्यावर कळलं तर दोघंही तोंडघशी पडता.

आयटीचा 'सगळीकडे एकच मॉडेल' हा आग्रह लोकांना जाचक वाटतो, पण त्यामागचा हिशोब समजून घ्या. मॉडेल एक असलं की चार्जर एकमेकांचे चालतात, ड्रायव्हरची (उपकरणं चालवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरची) एकच जुळणी सांभाळावी लागते, कपाटातलं एक जादा मशीन कुणालाही देता येतं. बारा जणांसाठी सात मॉडेलं झाली, तर प्रत्येक अपडेटला सात जागी काहीतरी मोडू शकतं.

खर्चाचं बोलणं करताना एका मशीनची किंमत सांगू नका. लॅपटॉप, मॉनिटर, डॉक (एका केबलने लॅपटॉपला मॉनिटर, माऊस आणि वीज जोडणारा डबा), हेडसेट, वाढीव वॉरंटी हे सगळं धरून वापराच्या वर्षांनी भागा. चार वर्षं धरणं वाजवी आहे. रॅममध्ये केलेली काटकसर वार्षिक आकड्यात किरकोळ दिसते आणि त्रास मात्र रोजचा असतो, हे तेव्हा आपोआप समोर येतं.

पायरी ३: दोन गट करा, फार तर तीन

कागद भरून झाले की ते कामाप्रमाणे लावा. साधारण असे ढीग पडतात: पहिला, ब्राउझर, मेल, एक्सेल आणि व्हिडिओ कॉल करणारे; दुसरा, कोड, मोठा डेटा, डिझाइन किंवा व्हिडिओचं काम करणारे; आणि तिसरा, सतत फिरतीवर असणारे. प्रत्येक ढिगाला एक मॉडेल द्या. गट पदानुसार पाडू नका. साहेबांचं काम मेल आणि कॉलचं असेल तर ते पहिल्या गटात, आणि नवीन आलेली मुलगी व्हिडिओ एडिट करत असेल तर ती दुसऱ्या गटात. मशीन हुद्द्यावरून वाटलं गेलं, तर वर केलेली सगळी मोजणी वाया जाते आणि लोकांचा तुमच्यावरचा भरवसाही जातो.

पायरी ४: मशीनच्या आत काय बघायचं

रॅम. पहिल्या गटाला १६ जीबी, दुसऱ्याला ३२. आज ८ जीबीचं मशीन कामासाठी घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. पुढे वाढवू म्हणून कमी घेण्याआधी रॅमचा प्रकार वाचा. 'एलपीडीडीआर' लिहिलं असेल तर ती जवळजवळ नेहमी मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते, नंतर बदलता येत नाही. नुसतं 'डीडीआर५ एसओ-डिम' असेल तर स्लॉट असतो. स्लॉट किती आणि त्यातले रिकामे किती हेही लेखी विचारा. १६ जीबीची एकच पट्टी असेल तर मेमरीची एकच वाहिनी चालते. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनमध्ये चित्रं आणि बाहेरचे मॉनिटर हाताळताना ते जाणवतं. ८ च्या दोन पट्ट्या बऱ्या.

एसएसडी ५१२ जीबी, वेगवान एनव्हीएमई प्रकारची. फाइल्स सर्व्हरवर असल्या तरी २५६ घेऊ नका, कारण अपडेट आणि मेलच्या साठवलेल्या प्रतीच शंभर जीबीच्या वर सहज जातात.

प्रोसेसरच्या नावाने फार फसगत होते. इंटेल आणि एएमडी दोघांच्याही बऱ्याच नावांच्या शेवटी अक्षर असतं. 'यू' म्हणजे कमी वीज, शांत पंखा, ऑफिसच्या कामाला पुरेसा. 'एच' किंवा 'एचएस' म्हणजे जास्त ताकद, जास्त उष्णता, जड चार्जर. मोठा आकडा म्हणजे नवीन चिप, असंही समजू नका. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या लॅपटॉप चिपमध्ये तिसरा अंक आतली रचना सांगतो: ७८४०यू मध्ये तो ४ आहे, म्हणजे झेन ४; ७५२०यू मध्ये २ आहे, म्हणजे बरीच जुनी झेन २. दोन्हींवर ७००० चाच शिक्का.

स्नॅपड्रॅगन चिपचे विंडोज लॅपटॉप बॅटरीला छान आहेत आणि नेहमीचे प्रोग्रॅम त्यांवर चालतात. अडचण ड्रायव्हरची असते. जुना प्रिंटर, सहीचं टोकन, काही व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कला सुरक्षित जोडणारी सॉफ्टवेअर) यांना त्या चिपसाठी बनवलेला ड्रायव्हर लागतो, तो नसेल तर उपाय नाही. पहिल्या पायरीतली उपकरणांची यादी इथे बाहेर काढा.

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून जुनी वापरलेली मशीन घेत असाल तर ती विंडोज ११ ला चालतात का ते आधी बघा: टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) हवं, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. नव्या मशीनवर विंडोजची 'प्रो' आवृत्ती मागा. 'होम' आवृत्तीचा लॅपटॉप ऑफिसच्या डोमेनला (सगळी मशीन एकाच ठिकाणाहून सांभाळायच्या व्यवस्थेला) जोडता येत नाही आणि बिटलॉकरचं (डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीचं) पूर्ण नियंत्रणही मिळत नाही. आवृत्ती मागाहून बदलणं म्हणजे प्रत्येक मशीनमागे वेगळा खर्च आणि वेगळी मंजुरी.

स्क्रीन १४ इंची, १९२० × १२००, निदान ३०० निट उजेडाची. खिडकीजवळ बसणाऱ्यांना ४०० हवेत. माहितीपत्रकात '४५ टक्के एनटीएससी' (स्क्रीन किती रंग दाखवते त्याचं माप) दिसलं तर तो पॅनल फिका असतो, लाल रंग विटकरी दिसतो. सगळ्यात मोठा सापळा असा की एकाच मॉडेलच्या नावाखाली तीन-चार वेगवेगळे पॅनल विकले जातात. म्हणून कोटेशनवर मॉडेलच्या नावासोबत पूर्ण पार्ट नंबर लिहून घ्या. अक्षर-आकड्यांचा तो लांबलचक कोडच खरी ओळख. तो नसेल तर '२५० निट' पदरात पडल्यावर बोलायला जागा राहत नाही.

बॅटरीबाबत '१८ तास' हा जाहिरातीतला आकडा सोडून द्या आणि वॉट-अवर (बॅटरीत मावणारी वीज) बघा. साधं टायपिंग करताना लॅपटॉप ६ ते ८ वॉट खातो, व्हिडिओ कॉलवर १२ ते १५. बॅटरी ५७ वॉट-अवरची असेल तर ५७ भागिले १४, म्हणजे कॉलवर चार तास. फिरतीच्या गटासाठी ७० च्या आसपास घ्या. १०० च्या वर जाऊ नका, त्यापेक्षा मोठी बॅटरी विमानात न्यायला वेगळी परवानगी लागते.

पायरी ५: टेबलावरची जोडणी, जिथे सगळ्यात जास्त चुका होतात

लॅपटॉपवर महिनाभर चर्चा होते आणि डॉक-केबल शेवटच्या दिवशी कुणीतरी घाईत मागवतं. तक्रारी मात्र पुढची दोन वर्षं त्यांच्याच येतात.

टाइप-सी हा फक्त छिद्राचा आकार आहे. त्यामागे काय आहे ते वेगवेगळं असतं. एकाच लॅपटॉपवर दोन टाइप-सी पोर्ट असतात आणि त्यातल्या एकातूनच मॉनिटरला चित्र मिळतं, असंही होतं. पोर्टशेजारची खूण बघा: विजेच्या बाणासारखी खूण म्हणजे थंडरबोल्ट (चित्र, डेटा आणि वीज एकत्र नेणारा वेगवान पोर्ट), डी आणि पी जोडलेली खूण म्हणजे डिस्प्लेपोर्ट (मॉनिटरला चित्र देणारा). खूण नसेल तर माहितीपत्रकात 'डिस्प्लेपोर्ट अल्ट मोड' (चित्रासाठी) आणि 'पॉवर डिलिव्हरी' (चार्जिंगसाठी) हे दोन्ही शब्द शोधा.

केबलचंही तसंच. फोन किंवा लॅपटॉपच्या चार्जरसोबत येणारी टाइप-सी केबल बहुतेक वेळा यूएसबी २.० ची असते: ४८० मेगाबिटचा वेग, चित्र अजिबात नाही. ती डॉकला लावली की चार्जिंग होतं, माऊसही कदाचित चालतो आणि मॉनिटर काळाच राहतो. माणूस मॉनिटर परत पाठवतो. विजेची मर्यादाही केबलवर असते. साधी केबल ३ अँपिअर, म्हणजे ६० वॉटपर्यंत. त्यापुढे १०० किंवा २४० वॉट न्यायला केबलमध्ये ओळख सांगणारी चिप लागते. म्हणून डॉकसोबत आलेली केबल डॉकलाच ठेवा आणि दोन्ही टोकांना रंगीत चिकटपट्टी लावा. या दोन मिनिटांच्या कामाने महिन्यातल्या कितीतरी तक्रारी कमी होतात.

वॅटेज जुळवा. लॅपटॉपला ६५ वॉटचा चार्जर आला असेल तर डॉकने लॅपटॉपला निदान ६५ द्यायला हवेत. छोट्या हबवर (डॉकसारख्याच, पण लहान जोडावर) '१०० वॉट' लिहिलेलं असलं तरी त्यातले १०-१५ वॉट तो स्वतःसाठी ठेवतो, लॅपटॉपपर्यंत ८५ च्या आसपास पोचतात. १३० वॉटच्या दणकट मशीनला ९० वॉटचा डॉक लावला तर स्क्रीनवर इशारा येतो, मशीन मंद चालतं आणि भर कामात बॅटरी उतरत जाते.

आता चित्राचं. छोट्या हबला ४के मॉनिटर लावल्यावर माऊस ओढल्यासारखा, अडखळत फिरतो, ही तक्रार फार येते. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट (चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं तो आकडा) बघा, तिथे ३० हर्ट्झ दिसेल. टाइप-सीच्या तारांपैकी निम्म्या यूएसबीला दिल्या जातात, उरलेल्या निम्म्यांतून जुन्या हबला ४के चित्र ३० च्या वर नेता येत नाही. एचडीएमआय १.४ चीही तीच मर्यादा आहे. हब घेताना '४के ६० हर्ट्झ' हे शब्द आणि एचडीएमआय २.० असल्याची खात्री करा.

मॅक असतील तर आणखी दोन गोष्टी. साध्या एम१ आणि एम२ चिपचे मॅकबुक एअर बाहेरचा एकच मॉनिटर चालवतात. एम३ एअर दोन चालवतो, पण झाकण बंद ठेवून. एम४ पासून झाकण उघडं ठेवूनही दोन चालतात. दुसरं, विंडोज लॅपटॉपवर एका केबलमधून दोन वेगळे मॉनिटर चालवणारा एमएसटी प्रकारचा डॉक मॅकवर दोन्ही मॉनिटरवर तेच ते चित्र दाखवतो. तो डॉक बिघडलेला नसतो, मॅकओएसच ती पद्धत विस्तारित स्क्रीनसाठी वापरत नाही. अशा वेळी थंडरबोल्ट डॉक किंवा डिस्प्लेलिंक चिपचा (सॉफ्टवेअरच्या मदतीने चित्र पाठवणारा) डॉक लागतो. डिस्प्लेलिंकला ड्रायव्हर टाकावा लागतो आणि मॅकवर स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी द्यावी लागते. ती परवानगी सुरक्षेच्या नियमांत बसते का, हे आयटीला आधी विचारा.

एकाच जागी बसणाऱ्यांसाठी आमची पसंती डॉकला नाही, टाइप-सी पोर्ट असलेल्या मॉनिटरला आहे. ६५ किंवा ९० वॉट देणारा असा मॉनिटर घेतला की एकाच केबलमधून चार्जिंग, चित्र आणि मॉनिटरमागचे यूएसबी पोर्ट, सगळं मिळतं. बिघडायला एक वस्तू कमी.

एक मोठा मॉनिटर की दोन? २४ इंची मॉनिटर साधारण ५३ सेंटिमीटर रुंद असतो. दोन लावले तर १२० सेंटिमीटरच्या टेबलावर बाकी काही मावत नाही आणि मधली फट नेमकी नाकासमोर येते. दोन लावायचेच असतील तर मुख्य मॉनिटर समोर आणि दुसरा कडेला तिरका ठेवा. ३४ इंची रुंद मॉनिटर दिसायला देखणा, पण कॉलवर पूर्ण स्क्रीन शेअर केली की समोरच्याला अक्षरं मुंगीएवढी दिसतात. अशा वेळी एकच खिडकी शेअर करायची सवय लावावी लागते.

मराठीत लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांसाठी एक खास तपासणी. २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर इंचाला सुमारे ९२ ठिपके असतात, २७ इंची २५६० × १४४० वर १०९, २७ इंची ४के वर १६३. इंग्रजी अक्षर ९२ ठिपक्यांत निभावून जातं. देवनागरीत मात्र एका अक्षराच्या वर रफार आणि अनुस्वार, खाली उकार आणि मधे जोडाक्षर असतं. दुकानात किंवा चाचणीच्या वेळी 'वर्षांपूर्वीच्या दृष्ट्या' असं काहीतरी १० पॉइंटमध्ये लिहून हाताच्या अंतरावरून बघा. 'र्षां' वरचा रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळून एकच डाग दिसत असेल, तर दिवसभर मुद्रितशोधन करणाऱ्या माणसाला तो मॉनिटर देऊ नका.

पायरी ६: कीबोर्ड, माऊस, हेडसेट, स्टँड

लॅपटॉप स्टँड दिला तर वेगळा कीबोर्ड आणि माऊस द्यायलाच हवा. नुसत्या स्टँडने स्क्रीन डोळ्यांच्या पातळीला येते आणि मनगटं हवेत लटकतात. मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली, अंतर हातभर, कोपर काटकोनात.

कीबोर्डच्या आवाजावरून शेजाऱ्यांत कटुता येते, ती आधीच टाळता येते. मेकॅनिकल कीबोर्डमध्ये निळे स्विच मुद्दाम 'टिक' वाजतात, त्यांना सामायिक खोलीत जागा नाही. तपकिरी आणि लाल त्यामानाने शांत, आणि 'सायलेंट' म्हणून मिळणारे आणखी शांत. आकडे भरणाऱ्याला नंबरपॅड हवाच. इतरांना तो नसलेला कीबोर्ड बरा, कारण माऊस हातभर लांब जात नाही आणि उजवा खांदा दुखत नाही.

वायरलेस माऊस अडखळत असेल तर बॅटरी बदलण्याआधी डोंगल (यूएसबीला लावायचा छोटा रिसीव्हर) कुठे लावलाय ते बघा. यूएसबी ३.० चे पोर्ट आणि केबल २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ-गोंगाट करतात. इंटेलने २०१२ मध्ये त्यावर सविस्तर टिपणच काढलं होतं. हार्ड डिस्क किंवा डॉकच्या शेजारी डोंगल असेल तर माऊसचे संदेश हरवतात. डोंगल दुसऱ्या बाजूच्या पोर्टला लावा किंवा यूएसबी २.० च्या लहान एक्स्टेंशनने माऊसजवळ आणा.

हेडसेटच्या बाबतीत गाण्यासाठी घेतलेला महागडा ब्लूटूथ हेडफोन कॉलवर निराशा करतो. माइक सुरू झाला की जुन्या पद्धतीचं ब्लूटूथ वेगळ्या मोडमध्ये जातं, आवाज एकसुरी आणि डब्यातून आल्यासारखा होतो. दिवसात दोन तासांहून जास्त कॉल असणाऱ्यांना यूएसबी वायरचा किंवा स्वतःचा डोंगल असलेला हेडसेट द्या, तोंडापाशी येणाऱ्या दांडीच्या माइकचा. खोलीत बोलणारे जास्त असतील तर या दांडीने जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याच सॉफ्टवेअरने पडत नाही.

पायरी ७: पाच दिवसांची चाचणी

विक्रेत्याकडून प्रत्येक गटाचं एक मशीन, ठरवलेल्या डॉक आणि मॉनिटरसकट, आठवड्यासाठी मागा. मागणी मोठी असेल तर ते बहुधा देतात. ते मिळत नसेल तर आधी एकेकच विकत घ्या. चाचणीला सगळ्यात जास्त विरोध करणाऱ्या माणसाला आवर्जून घ्या. त्याला दोष लवकर दिसतात आणि त्याने होकार दिला की बाकीचे फारसे बोलत नाहीत.

रोज या गोष्टी करून बघा: सकाळी एकच केबल लावून दोन्ही स्क्रीन आपोआप येतात का. दुपारी झाकण बंद करून उघडल्यावर मॉनिटर जागा होतो का, की केबल काढून लावावी लागते. एक तासाचा कॉल बॅटरीवर, सुरुवातीची आणि शेवटची टक्केवारी लिहून. यादीतलं प्रत्येक उपकरण एकदा जोडून. व्हीपीएन लावून मोठी फाइल उतरवून. नाव, तारीख आणि आकडा लिहिलेली नोंदच धरा. 'बरं वाटलं' या शेऱ्याचा पुढे उपयोग होत नाही.

पायरी ८: निर्णय एका पानावर

पानात एवढंच हवं: गट, प्रत्येक गटाचा पार्ट नंबर, सोबतच्या वस्तू, वार्षिक खर्च, चाचणीचे आकडे, आणि नाकारलेल्या मागण्या कारणासहित. शेवटचा भाग बरेच जण गाळतात. पण ज्याची मागणी नाकारली त्याला ती वाचली गेली होती, त्यावर विचार झाला होता, हे दिसायला हवं. शेजारी फेरविचाराची तारीख लिहा, सहा महिन्यांनंतरची.

अपवादासाठी एकच वाट ठेवा: दुसऱ्या पायरीतला कागद भरून, पुराव्यासकट. स्वतःचा कीबोर्ड किंवा माऊस आणायला हरकत नसावी. स्वतःचा लॅपटॉप आणायची मागणी आली तर डिस्क एन्क्रिप्शन, अपडेट आणि नोकरी सोडताना डेटा पुसणं, या तिन्हींची जबाबदारी कुणाची ते लिहून होईपर्यंत हो म्हणू नका.

वॉरंटीत 'जागेवर येऊन, पुढच्या कामाच्या दिवशी' ही अट मागा. सेवाकेंद्रात नेऊन द्यायच्या वॉरंटीत माणूस अनेक दिवस मशीनशिवाय बसू शकतो. फिरतीच्या गटाला पडझड आणि पाणी सांडण्याचं संरक्षणही घ्या.

पायरी ९: खोकी आल्यावर

पावतीवर सही करण्याआधी प्रत्येक खोक्यावरचा पार्ट नंबर कोटेशनशी ताडून बघा. मशीन सुरू करून रॅम, एसएसडी आणि विंडोजची आवृत्ती तपासा. पूर्ण पांढरी आणि पूर्ण काळी स्क्रीन लावून मेलेले ठिपके आणि कडेने झिरपणारा उजेड बघा.

वाटण्याआधी बायोस (मशीन सुरू करणारं आतलं सॉफ्टवेअर) आणि डॉकचं फर्मवेअर (डॉकच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करून घ्या. बिटलॉकर सुरू असताना बायोस बदललं की मशीन ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती जतन केलेली नसेल तर आतली माहिती गेली. म्हणून आधी की साठवा, बिटलॉकर तात्पुरतं थांबवा, मग अपडेट करा. दिवसभर चार्जरवरच राहणाऱ्या मशीनवर चार्जिंगची मर्यादा ८० टक्के ठेवा. सतत १०० वर आणि गरम राहिलेली बॅटरी फुगते आणि टचपॅड वर उचलला जातो. तसं दिसलं तर मशीन त्याच क्षणी बंद करून बाजूला ठेवा, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका.

जुनी मशीन देऊन टाकण्याआधी नुसतं फॉरमॅट पुरत नाही. एसएसडीसाठी बायोसमधला 'सिक्युअर इरेज' पर्याय वापरा. त्यातली दोन बरी मशीन जादा म्हणून ठेवा. बॅटरी ५० ते ६० टक्के भरून, चार्जर सोबत बांधून, आणि दर दोन महिन्यांनी सुरू करून अपडेट करत राहा.